एकच एक्सेल फाइल, दोन विंडो: दोन शीट शेजारी ठेवून काम कसे करावे

एका फाइलमध्ये चार शीट असतात आणि काम नेमके दोन शीटमध्ये मिळून असते. खालच्या टॅबवर क्लिक करायचे, आकडा डोक्यात धरायचा, परत पहिल्या टॅबवर यायचे, तोवर आकडा निसटलेला. मग पुन्हा तिकडे. यावर बरेच जण एक सोपा वाटणारा मार्ग काढतात: फाइलची कॉपी करायची, 'हिशेब-कॉपी' असे नाव द्यायचे आणि दोन्ही फाइली शेजारी उघडायच्या. हे करू नका. अर्ध्या तासात एक दुरुस्ती मूळ फाइलमध्ये आणि दुसरी कॉपीत जाते, आणि संध्याकाळी खरी फाइल कोणती हे कुणालाच सांगता येत नाही. एक्सेल एकाच फाइलच्या हव्या तेवढ्या विंडो उघडू देते. फाइल एकच राहते. कुठल्याही विंडोत लिहा, ते सगळीकडे लगेच दिसते.

उदाहरणासाठी गृहनिर्माण सोसायटीच्या खजिनदाराची फाइल घेऊ. शीट चार: 'सभासद', 'आकारणी', 'जमा' आणि 'बँक'. 'जमा'मध्ये आपण फाडलेल्या पावत्या, 'बँक'मध्ये बँकेच्या संकेतस्थळावरून उतरवलेले स्टेटमेंट. मार्च संपला की दोन्ही जुळवायचे.

"मग फॉर्म्युला लावा की, व्हीलुकअप कशासाठी आहे?" असे कुणी तरी म्हणणारच. लावा, जरूर लावा; एका शीटमधली नोंद दुसऱ्या शीटमध्ये शोधून आणणारा हा फॉर्म्युला आहे. पण साठ फ्लॅटच्या सोसायटीत पन्नास जण दरमहा तंतोतंत २,५०० रुपयेच भरतात, तिथे रकमेवरून काहीच जुळत नाही. नावावरून जुळवावे तर फ्लॅट आईच्या नावावर, पैसे आले मुलाच्या यूपीआयवरून. भाडेकरू थेट सोसायटीच्या खात्यात भरतो आणि बँकेच्या नोंदीत फ्लॅट नंबरचा पत्ता नसतो. दोन महिन्यांचे पैसे एकदम आलेले असतात. फॉर्म्युला सोपी जुळणी उरकतो. उरलेल्या नोंदी डोळ्यांनीच जुळवाव्या लागतात, आणि त्यासाठी दोन्ही शीट एकाच वेळी समोर असाव्या लागतात.

आधी ठरवा: नुसते बघायचे आहे की लिहायचेही आहे?

दुसऱ्या शीटवरचा एखाददुसराच आकडा डोळ्यांसमोर हवा असेल, उदाहरणार्थ 'आकारणी'त दर बदलताना एकूण वसुली किती होते ते, तर अख्खी दुसरी विंडो उघडायची गरज नाही. त्यासाठी 'वॉच विंडो' आहे, तिच्याबद्दल पुढे सांगतो. दोन्हीकडे लिहायचे असेल, दोन्हीकडे वर-खाली सरकायचे असेल, तरच नवी विंडो.

नवी विंडो उघडणे

१. फाइल उघडा आणि आधी सेव्ह करा.

२. वरच्या 'व्ह्यू' टॅबमध्ये जा. 'विंडो' गटात 'न्यू विंडो' हे बटण आहे, ते दाबा. कीबोर्डवरून करायचे तर ऑल्ट, मग डब्ल्यू, मग एन. एकत्र नाही, एकामागून एक.

३. काहीच झाले नाही असे वाटेल. झालेले असते. नवी विंडो जुनीच्या बरोबर वर येऊन बसते, म्हणून फरक दिसत नाही. वरच्या पट्टीत फाइलच्या नावापुढे बघा: तिथे आता १ किंवा २ असा आकडा आलेला असेल. हा आकडा नीट लक्षात ठेवा, शेवटी विंडो बंद करताना तो कामी येतो.

४. दुसऱ्या विंडोत खालच्या टॅबवरून 'बँक' शीट निवडा. पहिल्या विंडोत 'जमा' तशीच राहते. प्रत्येक विंडो आपापली शीट दाखवते.

५. आता मांडणी. 'व्ह्यू' टॅबमध्येच 'अरेंज ऑल' दाबा. छोटी चौकट उघडते, त्यात चार पर्याय असतात: टाइल्ड, हॉरिझॉन्टल, व्हर्टिकल आणि कॅस्केड. शेजारी-शेजारी हवे असेल तर 'व्हर्टिकल' निवडा.

६. त्याच चौकटीत खाली 'विंडोज ऑफ ॲक्टिव्ह वर्कबुक' असा चौकोन आहे. त्यावर टिक करा. नाही केली तर त्या वेळी उघड्या असलेल्या सगळ्या एक्सेल फाइली, म्हणजे मुलाच्या शाळेचे वेळापत्रकसुद्धा, स्क्रीनवर वाटा मागायला येतात.

पाचव्या पायरीवर गोंधळ होतो, कारण एक्सेलमधले 'हॉरिझॉन्टल' म्हणजे एकाखाली एक आणि 'व्हर्टिकल' म्हणजे शेजारी-शेजारी. नाव विंडोंच्या रांगेचे नाही, विंडो ज्या आकाराच्या होतात त्याचे आहे. उलटे आले तर पुन्हा 'अरेंज ऑल' उघडून दुसरा पर्याय घ्या, काही बिघडत नाही.

चौकटीच्या भानगडीत पडायचेच नसेल तर विंडोजची स्वतःची सोय पुरेशी आहे: एका विंडोत क्लिक करून विंडोज बटण आणि डावा बाण, दुसरीत क्लिक करून विंडोज बटण आणि उजवा बाण. विंडोज ११ मध्ये विंडोज बटण आणि झेड दाबले की मांडणीचे नमुनेच समोर येतात. मी बहुतेक वेळा हेच वापरतो, दोन विंडोंसाठी ते जास्त जलद आहे. तीन-चार विंडो असतील तेव्हा मात्र 'अरेंज ऑल' बरे.

हे सगळे सहज चालते ते एक्सेल २०१३ पासून. त्याआधी, म्हणजे २०१० पर्यंत, सगळ्या फाइली एकाच मोठ्या एक्सेलच्या चौकटीच्या आत उघडत. 'न्यू विंडो' तेव्हाही होते, 'अरेंज ऑल'ही होते, पण एक विंडो ओढून दुसऱ्या मॉनिटरवर नेता येत नसे, मोठी चौकटच दोन्ही मॉनिटरवर ताणावी लागे. अनेक लहान ऑफिसांत अजून जुनी आवृत्ती असते. तिथे 'अरेंज ऑल'वरच भागवा.

शेजारी की वर-खाली?

हे आवडीवर नाही, स्क्रीनवर आणि कामावर ठरते. नेहमीच्या १३६६ बाय ७६८ पिक्सेलच्या लॅपटॉपचा हिशेब करू. एक्सेलचा न बदललेला कॉलम ६४ पिक्सेल रुंद असतो. स्क्रीन उभी अर्धी केली तर प्रत्येक विंडोला ६८३ पिक्सेल मिळतात, म्हणजे साधारण दहा कॉलम. तारीख, तपशील, संदर्भ क्रमांक, रक्कम, पावती क्रमांक एवढ्याला ते पुरते, तपशिलाचा कॉलम थोडा आवळावा लागतो इतकेच.

तीच स्क्रीन आडवी अर्धी करा. प्रत्येक विंडोला ३८० च्या आसपास पिक्सेल उंची. २०१३ नंतर प्रत्येक विंडोला स्वतःची रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, असते, त्यामुळे दोन्हीकडे रिबन, फॉर्म्युला पट्टी, खालचे टॅब एवढे सगळे त्या उंचीतून वजा. एक ओळ २० पिक्सेलची. रिबन मिटवूनही दहा-बारा ओळींच्या वर काही दिसत नाही. लॅपटॉपवर वर-खाली मांडणी केली की हाती काय लागते, तर दोन रिबन आणि थोडासा हिशेब.

म्हणून लॅपटॉपवर शेजारी-शेजारी. वर-खाली तेव्हाच, जेव्हा ओळी थोड्या आणि कॉलम भरपूर असतात: एप्रिल ते मार्च बारा महिने आडवे मांडलेले असतील आणि गेल्या वर्षीचा मे यंदाच्या मेच्या बरोबर वर हवा असेल तेव्हा.

जागा वाचवायच्या काही युक्त्या:

- कंट्रोल आणि एफ१ दाबले की रिबन मिटते, पुन्हा दाबले की येते. काही लॅपटॉपवर सोबत एफएन बटण दाबावे लागते.
- कंट्रोल धरून माउसचे चाक फिरवा, झूम बदलते. ८० टक्के बहुतेकांना वाचता येते. ७० च्या खाली देवनागरी अक्षरे एकमेकांत घुसतात, विशेषतः वेलांट्या आणि रफार. नावे मराठीत असतील तर तिथे थांबा.
- हवे तेवढेच कॉलम निवडून 'व्ह्यू' टॅबमधले 'झूम टू सिलेक्शन' दाबा. निवडलेला भाग विंडोत बरोबर बसतो.

घरी टीव्ही असेल आणि एचडीएमआय केबल असेल तर दुसरा मॉनिटर विकत घ्यायची गरज नाही. केबल जोडा, विंडोज बटण आणि पी दाबा, 'एक्स्टेंड' निवडा. मग एका विंडोत क्लिक करून विंडोज बटण, शिफ्ट आणि बाण दाबले की ती विंडो टीव्हीवर जाते. बँकेचे स्टेटमेंट टीव्हीवर आणि लिहायचे काम लॅपटॉपवर, ही मार्च अखेरची उत्तम सोय आहे, फक्त घरातल्यांची मालिकेची वेळ सोडून.

काय वेगळे राहते, काय दोन्हीकडे एकच असते

बहुतेक लेख 'न्यू विंडो' दाबायला सांगून थांबतात आणि खरा गोंधळ त्यानंतर सुरू होतो. काही गोष्टी विंडोच्या मालकीच्या असतात आणि काही शीटच्या.

विंडोच्या मालकीच्या: कोणती शीट समोर आहे, कोणता सेल निवडला आहे, कुठपर्यंत सरकवले आहे, झूम, फ्रीझ केलेल्या (खाली सरकवले तरी जागेवर राहणाऱ्या) ओळी, 'स्प्लिट'ची रेघ, ग्रिडलाइन दिसणे-न दिसणे. एका विंडोत या बदलल्या तरी दुसरीवर परिणाम नाही.

शीटच्या मालकीच्या: मजकूर अर्थातच, शिवाय कॉलमची रुंदी, लपवलेले कॉलम आणि ओळी, फिल्टर, सॉर्ट, रंग. यातले काहीही एका विंडोत केले की तीच शीट दुसऱ्या विंडोत उघडी असेल तर तिथेही होते.

याचा रोजच्या कामातला अर्थ असा. एकच शीट दोन विंडोंत उघडून डावीकडे 'फक्त थकबाकीदार' आणि उजवीकडे 'सगळे' असे फिल्टरने करता येणार नाही. डावीकडे फिल्टर लावला की उजवीकडच्याही ओळी गायब होतात, आणि तुम्ही उजवीकडे बघत असाल तर डेटा उडाला असे वाटून पोटात गोळा येतो. डेटा उडालेला नसतो. ओळींचे क्रमांक निळे झाले आहेत का बघा. निळे असतील तर फिल्टर लागलेला आहे.

उलट एकच लांबलचक शीट दोन विंडोंत उघडून डावीकडे ५ वी ओळ आणि उजवीकडे ९०० वी ओळ बघणे अगदी सुरळीत चालते, कारण सरकणे हे विंडोचे आहे. तेवढ्यासाठी 'व्ह्यू' टॅबमधले 'स्प्लिट'ही पुरते: एकाच विंडोत रेघ पडते आणि दोन्ही भाग वेगवेगळे सरकतात. रेघेवर डबल क्लिक केले की ती जाते.

आणखी एक फटका: बऱ्याच आवृत्त्यांत नवी विंडो उघडली की तिच्यात फ्रीझ केलेली शीर्षकाची ओळ नसते. जुन्या विंडोतून ती गेलेली नसते, नव्या विंडोला ती माहीतच नसते. नव्या विंडोत पुन्हा फ्रीझ करा: शीर्षकाच्या खालच्या ओळीत क्लिक, मग ऑल्ट, डब्ल्यू, एफ, एफ.

प्रत्यक्ष जुळवणी

डावीकडे 'बँक', उजवीकडे 'जमा'. 'बँक'मध्ये शेवटी एक रिकामा कॉलम घ्या, नाव 'पावती क्र.'. 'जमा'मध्ये एक कॉलम, नाव 'बँक तारीख'. जुळलेल्या प्रत्येक नोंदीला दोन्हीकडे खूण झाली पाहिजे. एकाच बाजूला खूण केली तर एकच पावती दोन जमा नोंदींना चिकटवली जाते आणि फरक काही केल्या सापडत नाही.

यूपीआयच्या व्यवहाराला १२ आकडी संदर्भ क्रमांक असतो. तो एक्सेलच्या साध्या सेलमध्ये टाकला की ४ टिंब काहीतरी ई अधिक ११ असा दिसू लागतो, कारण 'जनरल' प्रकारचा सेल ११ आकड्यांपर्यंतच संख्या सरळ दाखवतो. १५ च्या पुढचे आकडे तर एक्सेल शून्य करून टाकते आणि ते परत मिळत नाहीत. तेव्हा स्टेटमेंट चिकटवायच्या आधी तो कॉलम निवडून 'टेक्स्ट' करून ठेवा. दोन्ही शीटमध्ये करा, नाहीतर एकीकडे मजकूर आणि दुसरीकडे संख्या होते आणि दिसायला सारखे असूनही व्हीलुकअप त्यांना वेगळे मानतो.

आता चालायला लागा. बँकेतल्या एका नोंदीचा संदर्भ क्रमांक कॉपी करा, उजव्या विंडोत क्लिक करा, कंट्रोल आणि एफ, चिकटवा, एंटर. सापडला तर तिथे बँकेची तारीख लिहा आणि डावीकडे पावती क्रमांक. माउस न उचलता एका विंडोतून दुसरीत जायला कंट्रोल आणि एफ६ आहे. एका फाइलच्या दोनच विंडो उघड्या असतील तर तेच बटण तुम्हाला इकडून तिकडे आणि परत नेत राहते. हाताला सवय लागली की वेग दुप्पट वाटतो.

यूपीआय उरकल्यावर दोन्हीकडे जुळलेल्या ओळी फिल्टरने लपवा. 'बँक' आणि 'जमा' या वेगळ्या शीट आहेत, त्यामुळे इथे दोघींना वेगवेगळे फिल्टर लावायला काहीच अडचण नाही. उरतात ते चेक, एनईएफटी आणि खरी डोकेदुखी. डावीकडे ५,००० आणि उजवीकडे त्याच आठवड्यात २,५०० च्या दोन पावत्या, असली जोडी दोन्ही शीट समोर असल्यावर पटकन डोळ्यांत भरते. टॅब बदलत बसलात तर ती कधीच दिसत नाही. भाड्याने दिलेल्या फ्लॅटचे पैसे इतरांपेक्षा थोडे जास्त येतात, कारण त्यात नॉन-ऑक्युपन्सी शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याचे) असते, सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत. २,५०० ऐवजी २,६८० अशी रक्कम दिसली तर आधी 'सभासद' शीटमध्ये भाडेकरूंची नावे बघा.

इथे तिसरी विंडो उघडायचा मोह होतो. मोठ्या स्क्रीनवर उघडा. लॅपटॉपवर तीन विंडो म्हणजे कशातच काही वाचता येत नाही. त्यापेक्षा उजव्या विंडोतच कंट्रोल आणि पेज अप किंवा पेज डाउनने 'सभासद'वर जा, बघा, परत या. डावी विंडो 'बँक'वर तशीच राहते.

सगळ्यात शेवटी उरतात मार्चअखेरचे चेक. ३१ मार्चला भरलेला चेक आपल्या 'जमा'त मार्चचा असतो आणि बँकेत एप्रिलमध्ये वटू शकतो. १ एप्रिलला तर बँका वार्षिक हिशेबासाठी ग्राहकांना बंदच असतात. ही चूक नाही, तो जुळवणी पत्रकात दाखवायचा फरक आहे. या नोंदींना 'बँक तारीख' कॉलममध्ये एप्रिलची तारीख लिहा आणि वेगळा रंग द्या, ऑडिटर विचारणारच आहे.

दोन विंडोंमधून फॉर्म्युला लिहिणे

दोन विंडोंचा मला सगळ्यात जास्त उपयोग इथे होतो. डाव्या विंडोत बरोबरचे चिन्ह टाइप करा, मग सरळ उजव्या विंडोतल्या हव्या त्या सेलवर क्लिक करा, एंटर दाबा. शीटच्या नावासकट पत्ता आपोआप लिहिला जातो. उजव्या विंडोतला पहिला क्लिक कधी कधी नुसती विंडो जागी करण्यात जातो, तेव्हा सेल ठळक निवडला गेला आहे ना ते बघून मगच एंटर.

एंटर दाबण्याआधी फॉर्म्युला पट्टीवर नजर टाका. तिथे चौकोनी कंसात फाइलचे नाव आणि पत्त्यात डॉलरची चिन्हे दिसली, तर तुम्ही दुसऱ्या विंडोत नाही, दुसऱ्या फाइलमध्ये क्लिक केले आहे. सुरुवातीला म्हटलेली ती 'हिशेब-कॉपी' अजून कुठेतरी उघडी आहे. एस्केप दाबा आणि तिला बंद करा. असा दुवा राहून गेला तर ज्याला ज्याला फाइल पाठवाल त्याला त्याला 'लिंक अपडेट करू का' असा प्रश्न पडत राहील.

आणि क्लिक केल्यावर काहीच घडले नाही, पत्ता उमटलाच नाही, तर दोन एक्सेल स्वतंत्रपणे चालू आहेत असे समजा. त्यांना एकमेकांची खबर नसते. फॉर्म्युले कॉपी केले तरी नुसती मूल्येच चिकटतात. सगळे बंद करा, एकच एक्सेल उघडा आणि दुसरी विंडो 'न्यू विंडो'नेच काढा.

मागे घेण्याबद्दलही सावध राहा. दोन विंडो असल्या तरी केलेल्या कामांची यादी एकच असते. उजव्या विंडोत बसून कंट्रोल आणि झेड दाबले तर सर्वांत शेवटचे काम मागे जाते, मग ते डावीकडे केलेले का असेना. डोळे उजवीकडे आणि बदल डावीकडे, असे गुपचूप होते. झेड दाबताना दोन्हीकडे लक्ष ठेवा.

त्याहून वाईट म्हणजे गट. कंट्रोल धरून दोन टॅबवर क्लिक झाले की त्या शीट एकत्र निवडल्या जातात, वरच्या पट्टीत नावापुढे 'ग्रुप' लिहून येते, आणि मग एका शीटमध्ये लिहिलेले दुसऱ्या शीटच्या त्याच सेलमध्येही उमटते. दोन शीट एकत्र 'बघायला' म्हणून कित्येक जण नेमके हेच करतात. निवडलेल्या टॅबवर उजवे क्लिक करून 'अनग्रुप शीट्स' म्हणा.

गेल्या वर्षीची फाइल आणि यंदाची

या कामाला 'व्ह्यू साइड बाय साइड' आहे. दोन्ही फाइली उघडा, 'व्ह्यू' टॅबमध्ये हे बटण दाबा. दोनपेक्षा जास्त विंडो उघड्या असतील तर कोणती शेजारी लावू असे विचारते, तिथे नाव निवडा. मांडणी वर-खाली आली तर 'अरेंज ऑल'मधून व्हर्टिकल करून घ्या.

हे बटण दाबले की त्याच्याच खालचे 'सिंक्रोनस स्क्रोलिंग' आपोआप चालू होते: एक विंडो सरकवली की दुसरीही तेवढीच सरकते. फ्लॅटचा क्रम दोन्ही वर्षी तोच असेल तर याच्यासारखी सोय नाही, १०१ च्या शेजारी १०१ राहतो. यंदाच्या फाइलमध्ये वर दोन ओळी जास्त असतील तर आधी सिंक्रोनस स्क्रोलिंग बंद करा, दोन्हीकडे १०१ एका रेषेत आणा, मग पुन्हा चालू करा. तेवढे अंतर धरून दोन्ही सरकत राहतात.

बँक आणि पावत्यांच्या जुळवणीत मात्र हे बंदच ठेवा. दोन्हींचा क्रम वेगळा असतो, आणि डावीकडे शोधत असताना उजवीकडची हाताशी आणलेली ओळ पळून जाते.

फक्त नजर ठेवायची असेल तर

'फॉर्म्युलाज' टॅबमध्ये 'वॉच विंडो' आहे. उघडा, 'ॲड वॉच' दाबा, ज्या सेलवर लक्ष ठेवायचे तो निवडा. एक छोटी तरंगती पट्टी येते, तिच्यात फाइल, शीट, सेल, मूल्य आणि फॉर्म्युला दिसतात. आता 'आकारणी'त दर चौरस फुटाचा भाव बदला आणि एकूण वसुलीचा आकडा तिथल्या तिथे हलताना बघा. ओळीवर डबल क्लिक केले की थेट त्या सेलवर जाता येते.

एका सेलऐवजी एक छोटा तक्ता हवा असेल तर तो तक्ता कॉपी करा, दुसऱ्या शीटवर जा, 'पेस्ट'खालच्या बाणातून 'लिंक्ड पिक्चर' निवडा. तक्त्याचे जिवंत चित्र येते: मूळ बदलले की चित्र बदलते. चित्रात लिहिता मात्र येत नाही.

गूगल शीट्स आणि लिबरऑफिस

गूगल शीट्समध्ये 'न्यू विंडो' नाही, पण लागतही नाही. ब्राउझरच्या टॅबवर उजवे क्लिक करा, 'डुप्लिकेट' म्हणा, तो टॅब बाहेर ओढून वेगळी विंडो करा आणि दोन्ही शेजारी लावा. पत्त्याच्या पट्टीत शेवटी जीआयडी आणि एक आकडा असतो, तो प्रत्येक शीटचा वेगळा असतो. म्हणून दोन्ही पत्ते बुकमार्क करून ठेवले तर पुढच्या वेळी थेट 'बँक' आणि 'जमा' उघडतात. एज ब्राउझरमध्ये एकाच टॅबचे दोन भाग करायची सोयही आहे.

इथले नियम जरा वेगळे आहेत. फ्रीझ केलेल्या ओळी शीटच्या असतात, दोन्ही विंडोंत आणि फाइल उघडणाऱ्या प्रत्येकाकडे सारख्याच. साधा फिल्टरही सगळ्यांना लागतो. समितीतले चार जण एकाच वेळी फाइल बघत असतील तर तुमच्या फिल्टरने त्यांचे काम अडते. 'डेटा' मेनूतला 'फिल्टर व्ह्यू' वापरा, तो फक्त तुमच्या त्या विंडोपुरता राहतो. म्हणजे एकच शीट डावीकडे 'फक्त थकबाकीदार' आणि उजवीकडे 'सगळे' अशी दाखवणे, जे एक्सेलमध्ये फिल्टरने जमले नाही, ते इथे जमते. उलट, फॉर्म्युला लिहिता लिहिता दुसऱ्या टॅबमधल्या सेलवर क्लिक करून पत्ता आणणे इथे चालत नाही. त्यासाठी त्याच विंडोत खालच्या शीटवर जावे लागते.

लिबरऑफिस कॅल्कमध्ये 'विंडो' मेनूत 'न्यू विंडो' आहे, काम एक्सेलसारखेच. मांडणीचे बटण नाही, ते विंडोज बटण आणि बाणांनी करा. मॅकवरच्या एक्सेलमध्येही 'विंडो' मेनूत हीच सोय आहे. मोबाइलवर स्क्रीन अर्धी करून बघता येते, पण सहा इंचात दोन शीट म्हणजे डोळ्यांवर अत्याचार. तिथे फक्त बघा, जुळवणी नको.

बंद करताना

सेव्ह कुठल्याही विंडोतून करा, फाइल एकच आहे. पण बंद करताना क्रम पाळा: आधी २ आकड्याची विंडो फुलीने बंद करा, मग १ मध्ये सेव्ह करा. उलटे केले, म्हणजे मूळ विंडो आधी बंद करून दुसरी सेव्ह केली, तर दुसरीत फ्रीझ नव्हते, झूम वेगळे होते, तेच आता फाइलचे होऊन बसते, आणि प्रत्येक शीटवर शीर्षक पुन्हा फ्रीझ करत बसावे लागते.

दोन्ही उघड्या असताना सेव्ह करून एक्सेल बंद केले तर पुढच्या वेळी फाइल दोन्ही विंडोंसकट उघडते. जुळवणी उद्या पुढे चालवायची असेल तर हे सोयीचेच आहे. फाइल ऑडिटरला ईमेलने जाणार असेल तर आधी दुसरी विंडो बंद करा, दोन्ही शीटवरचे फिल्टर काढा, 'सभासद' शीट समोर आणा आणि मग सेव्ह करून जोडा. नाहीतर त्यांच्याकडे एकाच नावाच्या दोन विंडो उघडतात आणि पहिला फोन येतो तो 'तुम्ही फाइल दोनदा पाठवलीत का?' असा.